पेटीतल्या चार पट्ट्या

४ जून

वन्सं,

त्या गुरुवारी सकाळी मी आधी दूध तापवलं. मग मोटर लावून टाकी भरली, आदल्या दिवशीचे कपडे गॅलरीत वाळत घातले, यांच्या उशीचा अभ्रा बदलला, तोंड पुसलं, ओठांना तूप लावलं. तुम्ही खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतात. येऊन दोन दिवस झाले होते तुम्हाला. मी दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा तुम्ही पान उलटलंत.

मग मी पट्टी बदलली. यांच्या डाव्या खांद्यामागची जुनी काढली आणि उजव्या खांद्यामागे नवी लावली. लावायच्या आधी तिच्यावर बॉलपेनने तारीख लिहिली, कारण पट्टी तीन दिवस चालते आणि आजारपणात वार कळत नाहीत. लावल्यावर तळहात दाबून तीस आकडे मोजायचे असतात, तसं पत्रकात छापलंय. मी दर वेळी मोजायची. त्या दिवशी एकवीसवर गाडीचा हॉर्न वाजला. पेटीतली ती शेवटची पट्टी होती. नवी पेटी आणायला मला सातच्या गाडीने इस्पितळात जायचं होतं. मी हात काढला आणि निघाले.

संध्याकाळी सहाला परत आले तर यांच्या ओरडण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. खांद्यावर पट्टी नव्हती. तुम्ही म्हणालात, घामाने गळली असेल. मी अंथरुणात शोधली, पलंगाखाली शोधली, सापडली नाही. नवी लावली, पण या पट्टीचा गुण यायला अर्धा दिवस लागतो. यांना तेवढा वेळ मिळाला नाही. पहाटे तीनला गेले, आणि जाईपर्यंत जे झालं ते तुम्ही पाहिलंत.

नंतर इस्पितळाच्या सिस्टर आल्या. यांच्या जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या दर आठवड्याला घरी येत होत्या. त्यांनी विचारलं, "तळहात नीट दाबला होता ना?" मी म्हटलं, एकवीसपर्यंत. त्यांनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं. तुम्ही शेजारीच उभ्या होतात.

हे सगळं रडगाणं म्हणून लिहीत नाही. रडायला मला तुम्ही लागत नाही. नव्या पेटीत पाच पट्ट्या होत्या. एक मी लावली. चार उरल्या. पेटी मी कपाटात दुसऱ्या फळीवर, यांच्या बुकबाइंडिंगच्या एप्रनखाली ठेवली होती. हे गेल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही बॅग भरून गेलात. त्या दिवसापासून पेटी नाही.

घरात तिसरं माणूस नव्हतं. उंदीर पेटीसकट पट्ट्या नेत नाहीत.

सिस्टर बावीस तारखेला उरलेलं औषध परत न्यायला येणार आहेत. हे औषध साधं नाही, त्याची एकेक पट्टी नोंदवलेली असते. मी काय सांगू त्यांना? बाइंडरच्या बायकोने विकून टाकल्या, असंच त्यांना वाटणार. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहिते आहे. पेटी रजिस्टर पोस्टाने पाठवा. बरोबर पत्र नसलं तरी चालेल.

तुमच्या भावाची बायको


९ जून

माझ्या भावाच्या बायकोस,

तुझं पत्र मिळालं. सोबत परत पाठवते आहे. लाल शाईने अकरा ठिकाणी दुरुस्त केलंय. चौतीस वर्षं शाळेत घालवली, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. हात थांबत नाही. छापखान्यातले वाया गेलेले कागद वाचून जी शिकली, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती.

तू मला चोर म्हटलंस. सरळ नाही म्हटलंस, उंदराच्या आडून म्हटलंस. समोरासमोर म्हणायची तुझी कधीच छाती झाली नाही. लग्न होऊन आलीस तेव्हापासून असंच. तोंडावर "हो वन्सं", आणि पाठ फिरली की भांडी आपटायची.

आणि मला तुझ्या पट्ट्या कशाला लागतात? दोन तारखेला माझी अक्कलदाढ काढली. आडवी होती, हाडात रुतलेली. दातांच्या डॉक्टरांनी हाड कापून, दाढेचे तीन तुकडे करून बाहेर काढली. आत चार टाके आहेत. तोंड एका बोटाएवढं उघडतं. केळं कुस्करून चमच्याच्या दांड्याने आत ढकलते आहे. फोन काय म्हणून उचलू? हुंकार ऐकवायला? डॉक्टरांनी दुखण्यावर मला माझ्या स्वतःच्या पट्ट्या दिल्या आहेत. उत्तम आहेत. पारदर्शक, दिसतही नाहीत, एकदा लावली की तीन दिवस बघायला नको. परवापासून मला ठणका म्हणून नाही. पुस्तक घेऊन बसले की डोळा लागतो. कित्येक वर्षांत अशी झोप मिळाली नव्हती. तेव्हा तुझी ती पेटी तू दुसरीकडे शोध.

आता तू काढलंसच तर मीही काढते. माझा भाऊ लहानपणी दिवसभर बोलायचा. जेवताना बोलायचा, अभ्यास करताना बोलायचा, झोपेत बोलायचा. जबड्याचं ऑपरेशन झाल्यावरही बोलत होता, अडखळत का होईना. मी आले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसले. त्याने मला ओळख दिली नाही. तू त्याला औषधात बुडवून ठेवलं होतंस. मी तुला म्हटलं होतं, एक दिवस काढ, एकच दिवस, त्याला माझ्याशी बोलू दे. तू काय उत्तर दिलंस ते आठवतं? "हे बोलतील, पण ते तुम्हाला ऐकवणार नाही." कसलं हे बोलणं! तुला शुश्रूषा सोपी पडावी म्हणून तो गप्प हवा होता.

सिस्टरला काय सांगायचं ते तुझं तू बघ. खरं सांगायची सवय असेल तर अवघड जाणार नाही.

ताई


१३ जून

वन्सं,

अकरा चुका पाहिल्या. त्यातल्या दोन चुका नाहीत, पण ते राहू दे.

तुमचं पत्र घेऊन मी इथल्या दातांच्या दवाखान्यात गेले. तिथली कंपाउंडर बाई ओळखीची आहे. तिला विचारलं, दाढ काढल्यावर पट्टी देतात का? म्हणाली, देतात, हल्ली पुष्कळजण देतात, गोळीने पोटात जळजळ होते त्यांना बरी पडते. मग तिने मला एक काढून दाखवली. कापडी असते. तळहाताएवढी, कातडीच्या रंगाची. दंडावर लावायची आणि रोज बदलायची. साध्या सुजेवरचं औषध आहे त्यात, मुरगळल्यावर आपण मलम चोळतो त्याच जातीचं.

मी विचारलं, पारदर्शक असते? तीन दिवस चालते? ती म्हणाली, "छे हो, तशी दातांच्या दवाखान्यात कोण देईल? ती वेगळी. ती मोठ्या दुखण्याची."

म्हणजे वन्सं, तुम्ही खोटं लिहिलंत तेही धड लिहिलं नाहीत. चौतीस वर्षं पोरांची कॉपी पकडलीत, स्वतः करताना एवढंसुद्धा सांभाळता येऊ नये?

आता पुढचं नीट वाचा. लाल पेन खाली ठेवून वाचा.

पट्टी ती पट्टी, असं नसतं. डॉक्टरांची कापडी पट्टी जिथे दुखतं तिथली सूज उतरवते. यांची पट्टी कुठेही लावली तरी औषध रक्तात जातं आणि डोक्याला सांगतं की दुखत नाही. श्वासालाही तेच सांगतं, हळू घे म्हणून. यांना आधी चार महिने थोडं थोडं वाढवत या ताकदीपर्यंत आणलं होतं. यांच्या अंगाला सवय होती. तुमच्या अंगाला नाही. तासाभरात बरं वाटलं नाही म्हणून दुसरी लावायची नाही, कारण पहिली तेव्हा सुरूही झालेली नसते. लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उन्हात बसायचं नाही, त्याने सगळं औषध एकदम आत शिरतं. काढली तरी अर्धा दिवस कातडीत उरतं. हे मी मनाने सांगत नाही, पेटीतल्या पत्रकात छापलंय. पत्रक पेटीतच होतं. तुम्ही ते टाकून दिलं असणार, कारण ते आम्ही वाचतो, तुम्ही नाही.

तुम्हाला पुस्तक घेऊन बसलं की झोप लागते, हे वाचून मला बरं वाटलं नाही. लावली असेल तर आत्ता काढा. चिकट बाजू आत करून घडी घाला. आणि दवाखान्यात जाऊन खरं सांगा.

मला तुमची काळजी आहे असं समजू नका. तुम्हीही माझी कधी केली नाहीत. मला बावीस तारखेला सिस्टरना उत्तर द्यायचंय, आणि चार पट्ट्यांच्या जागी मला त्यांना एक मेलेली नणंद दाखवायची नाही.

यांना मी गप्प ठेवलं म्हणता. यांचा जबडा अर्धा काढला होता. पट्टी नसली की हे बोलत नव्हते वन्सं, ओरडत होते. दोन मिनिटं बोलत आणि मग तीन तास ओरडत. ती दोन मिनिटं मला नको होती असं वाटतं तुम्हाला? तीस वर्षांचा संसार होता माझा.

मी


१७ जून की १८

तुझं पत्र आलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन उशीवर सांडलं, डाग पडलाय, तो तुला दिसेल.

तू लिहितेस मी मरेन. तुला ते कधीपासून हवंय ते मला ठाऊक आहे. आणि कंपाउंडर बाईकडे माझं पत्र घेऊन गेलीस. गावभर वाचून दाखव आता.

हो, घेतल्या. त्याच्या नावाने आल्या होत्या. मी त्याची बहीण होते, तू यायच्या आधी पंचवीस वर्षं होते. त्याचं काय उरलं होतं त्या घरात? एप्रन तुझे, चष्मा तुझा, पलंग तुझा. मी पेटी घेतली. तेव्हा दाढ दुखत नव्हती. नुसती घेतली. बॅगेत कपड्यांखाली ठेवली.

पहिली सात तारखेला लावली, कानाखाली, जिथे ठणकत होतं तिथेच. कापडीने काही होत नव्हतं. तासभर बसले. काही नाही. गरम पाण्याची पिशवी धरली. संध्याकाळी एकदम सगळं लांब गेलं. दाढ होती, पण दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडात. तुला लिहिलं तेव्हा मी छान होते. मग ओकाऱ्या झाल्या. तोंड उघडत नाही आणि ओकारी, विचार कर. मग परवा पुन्हा ठणकायला लागलं म्हणून खांद्यावर दुसरी लावली. कानाखालची काढली की नाही ते आता आठवत नाही. आरशापर्यंत जायला कंटाळा येतो.

खालच्या मजल्यावर शिंपीण आहे. ती वर येऊन भांडून गेली. म्हणाली, "बाई, नळ चालू ठेवून झोपलात, पाणी जिन्यावरून माझ्या गिऱ्हाइकाच्या कापडावर आलं." मी म्हटलं, वर्गात आवाज नको. तिनेच नळ बंद केला.

गुरुवारचं सांगते. तुला सांगायचं नव्हतं. तू तळहात तळहात करत बसली होतीस, तसंच राहू द्यायचं होतं.

तू सातच्या गाडीने गेलीस. मी त्याचा सदरा वर केला आणि पट्टी काढली. तू चांगली चिकटवली होतीस. कोपरा नखाने उचलून उचलून काढावी लागली, कातडी लाल झाली. दुपारपर्यंत काही नाही. मी त्याला हाका मारत होते. तीन वाजता त्याने डोळे उघडले. ताई म्हणाला. मग बोलला. वेडंवाकडं, पण मला कळत होतं, मला त्याचं बोबडंही कळायचं. काय बोलला ते तुझं नाही. तीस वर्षं तू ऐकलंस. हे माझं आहे.

साडेचारला सुरू झालं. मला वाटलं थांबेल. मी पट्टी परत लावली तर ती चिकटेना. लाळ, घाम, माझे हात. मी दाबून धरली. तो ओरडत होता आणि मी दाबून धरली होती. तू जिन्यावर आलीस तेव्हा मी ती पर्समध्ये टाकली. अजून आहे. तारीख तुझ्या अक्षरात आहे. चार काढायची तुझी पद्धत चुकीची.

तू स्वतःचा हात बघत उभी राहिलीस आणि मी काही बोलले नाही. सिस्टर आल्या तेव्हाही बोलले नाही.

मला कळायचं होतं तो कुठे होता. भिंतीकडे तोंड करून कुठे होता. आता कळलं. इथे काही दुखत नाही गं. इथे कुणी कुणाचं नाही. तिसरी उद्या लावीन. तू त्याला बुडवलं होतंस असं मी म्हणत होते पण हे तर

*

(वेगळ्या अक्षरात, पाकिटाच्या आतल्या बाजूला)

बाईंनी पत्र अर्धं सोडलं होतं. पाकिटावर पत्ता होता म्हणून पोस्टात मी टाकते आहे. वाचलेलं नाही. बाई फार झोपतात. हाक मारली तर ओ देतात पण डोळे उघडत नाहीत. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं तर माझ्यावर ओरडल्या. घरचं कुणी असेल तर या. — खालची शिंपीण


२२ जून
(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

आज ठरल्याप्रमाणे दुपारी बारा वाजता आले होते. घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, पहाटेच बाहेर पडलात. आपल्या पतीच्या नावे दिलेल्या शेवटच्या पेटीतले चार पॅच आणि वापरलेले पॅच परत येणं बाकी आहे. ही तारीख आपल्याला महिनाभर आधी सांगितलेली होती. आठ दिवसांत लेखी खुलासा आणि पॅच जमा न केल्यास मला वर कळवावं लागेल. मग पुढचं माझ्या हातात नाही.

सिस्टर, गृहभेट विभाग


२८ जून

सिस्टर,

तुमची चिठ्ठी मला काल मिळाली. सहा दिवस मी इथे नव्हते. कुलूप लावून पळाले नव्हते.

खुलासा मागितलात, तो देते. चारपैकी एक पट्टी बंद पाकिटात आहे. तीन वापरल्या गेल्या. त्या माझ्या नणंदेने वापरल्या. आणखी एक वापरलेली आहे, तिच्यावर माझ्या अक्षरात गुरुवारची तारीख आहे. सगळ्या चिकट बाजू आत करून घडी घालून डब्यात ठेवल्या आहेत. आलात की घेऊन जा. वर कळवायचं असेल तर कळवा. माझं नाव घाला, पत्ता तुमच्याकडे आहे.

पण त्याआधी तुमच्या रजिस्टरातलं एक वाक्य बदला. हे गेले त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर लिहिलं होतं. तुम्हाला वाटलं मला वाचता येत नसेल. मला उलटा धरलेला कागदही वाचता येतो. माझे यजमान बाइंडर होते. छापखान्यात वाया गेलेले फॉर्म, म्हणजे सोळा पानांचे न कापलेले ताव, ते घरी आणायचे. आठ पानं सुलटी, आठ उलटी. त्याच्यावरच मी वाचायला शिकले. तुम्ही लिहिलं होतं, "पॅच नीट न दाबल्याने सुटला. नातेवाइकाचा निष्काळजीपणा." पट्टी सुटली नव्हती. ती नखाने सोलून काढली होती, आणि कातडी लाल होईपर्यंत निघत नव्हती. एकवीस आकडे पुरे झाले होते. मला विचारायच्या आधी तुम्ही यांचा खांदा नुसता बघितला असता तर तुम्हालाही दिसलं असतं. महिनाभर मी पट्टी दाबलेला तो हात अंगापासून लांब धरून झोपले आहे सिस्टर. ते वाक्य खोडा आणि बाजूला सही करा.

माझ्या नणंदेविरुद्ध तक्रार करायची का, हे तुम्ही विचाराल. नाही. त्या तिथल्या इस्पितळात वॉर्डात आहेत, उठून बसतात, पातळ खातात, काल त्यांनी नर्सच्या तक्त्यावर दोन चुका दाखवल्या. माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. त्यांनी जे केलं त्याला माझ्याकडे माफी नाही, आणि त्यांनीही ती मागितलेली नाही.

तुम्हाला आणखी एक सांगायला हवं, कारण खुलासा पुरा हवा म्हणालात. त्यांचं पत्र मला एकवीस तारखेला दुपारी एकला मिळालं. ते वाचल्याबरोबर मला कळलं होतं की त्या दोन पट्ट्या लावून बसल्या आहेत आणि तिसरी लावणार आहेत, कदाचित लावलीही असेल. मला कुणी समजावायची गरज नव्हती, पत्रक मला पाठ आहे. साडेतीनची गाडी होती. पाकिटावर शिंपिणीच्या दुकानाचा शिक्का होता आणि शिक्क्यात फोन नंबर होता. तो मी वाचला. छापलेलं मी सगळं वाचते. फोन माझ्या हाताशी होता.

मी फोन केला नाही. साडेतीनची गाडी सोडली. जेवणाची भांडी घासली. मग कपाट उघडून यांचे एप्रन काढले, सरसाचे डाग पडलेले, आणि घासून घासून धुतले. जो आवाज मी त्या गुरुवारी जिन्यावरून ऐकला होता तो मला त्या दुपारी ऐकू येत होता, आणि मनात म्हणत होते, झोपू दे तिला. दुखत नाहीये ना तिला? मग झोपू दे. यांना नव्हतं झोपू दिलं तिने. साडेपाचची गाडी गेली तीही मला ऐकू आली. हेही तुम्ही रजिस्टरात लिहू शकता. निष्काळजीपणा हा शब्द इथे बसतो.

का निघाले ते मला नीट सांगता येणार नाही. दया आली असं नाही. त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं. हे शुद्धीवर येऊन काहीतरी बोलले होते, आणि ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. "हे माझं आहे," असं लिहिलं होतं. त्या मेल्या असत्या तर यांचं शेवटचं बोलणं त्यांच्याबरोबर गेलं असतं. मला ते हवं होतं. यापेक्षा चांगलं कारण तुम्हाला हवं असेल तर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने गेले. शिंपिणीने दार ढकलून उघडलं. वन्सं खुर्चीत होत्या, मान एका बाजूला, ओठ निळसर, एक श्वास घेतला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मांडीवर कोमट पिशवी होती. मी शिंपिणीला रुग्णवाहिका बोलवायला पिटाळलं. कानाखालची पट्टी सोलली, खांद्यावरची सोलली, आणखी एक छातीवर सापडली तीही सोलली. कातडी साबण न लावता नुसत्या पाण्याने धुतली. मग त्यांना उभं केलं आणि बगलेत धरून खोलीभर चालवलं. डोळे मिटले की ज्या बाजूची दाढ काढली नव्हती त्या गालावर चापट मारायची आणि विचारायचं, "हे काय बोलले ते सांगा वन्सं." रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा वेगळं सांगितलं. मी पाचव्यांदा विचारलं.